रिसोर्स वेगळा, रिझर्व्ह वेगळा: पश्चिम आफ्रिकेतल्या सोन्याच्या बातम्या वाचताना

घाना, माली किंवा बुर्किना फासोमधल्या एखाद्या कंपनीने आपल्या पट्ट्यातल्या ड्रिलिंगचे आकडे जाहीर केले, की पाठोपाठ आपल्याकडे बातमी येते: 'इतक्या लाख औंस सोन्याचा साठा सापडला.' मग कोणीतरी त्याला आजच्या भावाने गुणतं आणि ते हजारो कोटी शेअरच्या ग्रुपांवर फिरत राहतात. मूळ निवेदन उघडलं तर तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं: मिनरल रिसोर्स, म्हणजे जमिनीत किती सोनं आहे याचा अंदाज. वाचणाऱ्याने मात्र तो रिझर्व्ह, म्हणजे खाणीच्या आराखड्यात फायद्यात काढता येईल असा ठरलेला साठा, समजून पैसे लावलेले असतात. ही गल्लत इतक्या वेळा पाहिली आहे की आता एकदा सविस्तर लिहायलाच हवं.

रिसोर्स बहुतेकांना कळलेला असतो. भोकं पाडायची, नमुने तपासायचे आणि जमिनीत किती खडक आहे, त्यात टनामागे किती ग्रॅम सोनं आहे याचा अंदाज बांधायचा. अट एवढीच, की ते सोनं पुढे कधीतरी फायद्यात काढता येईल अशी वाजवी शक्यता दिसली पाहिजे. भोकं जितकी जवळजवळ, तितका अंदाज पक्का. त्यानुसार चढत्या क्रमाने तीन पायऱ्या: इन्फर्ड, इंडिकेटेड, मेझर्ड. ऑस्ट्रेलियाचा जोर्क, दक्षिण आफ्रिकेचा सॅमरेक आणि कॅनडाची ४३-१०१ या नियमावल्यांत तपशिलाचे फरक आहेत, पण बातमी वाचणाऱ्याला त्यांनी फारसं बिघडत नाही.

एककंही झटकन उरकू. सोन्याचा औंस ३१.१ ग्रॅमचा. टनामागे १ ग्रॅम म्हणजे तोळाभर सोन्यासाठी जवळपास १२ टन खडक फोडायचा. खनिजाचं वजन म्हणजे सोन्याचं वजन नव्हे, हे २०२० च्या फेब्रुवारीत सोनभद्रच्या निमित्ताने सगळ्या देशाला कळलं. ३,००० टन सोन्याच्या बातम्या झळकल्या आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला: सुमारे ५२,८०६ टन खनिज, टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम, म्हणजे साधारण १६० किलो सोनं. आणि तोही रिसोर्सच होता.

आता खरी मेख. भूगर्भशास्त्र शिकलेली माणसंही बिनदिक्कत सांगतात, की ड्रिलिंग वाढवलं, खात्री वाढली, की रिसोर्सचा रिझर्व्ह होतो. होत नाही. ड्रिलिंगने इन्फर्डचा इंडिकेटेड होईल, इंडिकेटेडचा मेझर्ड होईल. त्या वाटेने कितीही चाललात तरी रिझर्व्हच्या दारात पोचाल, आत जाणार नाही. आत जायला वेगळेच प्रश्न सोडवावे लागतात: खड्डा किती खोल न्यायचा, एक टन खनिजासाठी किती टन रिकामा खडक उपसायचा, खनिज दळून सोनं वेगळं करणाऱ्या गिरणीत ते सुटतं किती, वीज कुठून आणि काय दराने येणार, परवाना कसला आहे, गाव हलवावं लागेल का, सोन्याचा भाव काय धरायचा. या सगळ्याची उत्तरं एकत्र बांधून खाणीचा आराखडा फायद्यात निघाला, तर त्या आराखड्यात बसणारा खडक तेवढा रिझर्व्ह.

हे जमिनीवर कसं दिसतं ते पाहा. पश्चिम आफ्रिकेतलं बरंचसं सोनं बिरिमियन खडकांत आहे, सुमारे २.२ ते २.१ अब्ज वर्षांपूर्वीच्या. त्यांच्यावर बऱ्याच ठिकाणी कोकणात चिरे काढतात तसला जांभा असतो. जांभ्याखाली सॅप्रोलाइट: मूळ खडक जागच्या जागी कुजलेला, बोटांत चुरडणारा, तरी त्यातले मूळचे पदर आणि क्वार्ट्झच्या शिरा अजून ओळखू येतात. अशा जागी आरसी रिग, म्हणजे भोक पाडायचं एक यंत्र, लावली की हवेच्या दाबाने चुरा वर येतो आणि सायक्लोनमधून, म्हणजे हवेतून चुरा वेगळा करणाऱ्या भांड्यातून, मीटरमीटरचा पिशवीत पडतो. दोन-तीन किलो वेगळा काढून प्रयोगशाळेत जातो. मूठभर चुरा चाळणीत धुऊन भूवैज्ञानिक चिप ट्रेच्या कप्प्यांत ओळीने ठेवतो. तो ट्रे वाचता आला पाहिजे. पहिले कप्पे विटकरी, मग पिवळट, मग डागाळलेले, आणि एका मीटरपासून पुढे करडे-हिरवे, कडक, मध्येच चमचमणारे. तिथे ताजा, न कुजलेला खडक लागला.

त्या रंगबदलाच्या वर आणि खाली ड्रिलिंग सारखंच दाट असू शकतं. ग्रेड, म्हणजे टनामागचं सोनं, तीही सारखी असू शकते. दोन्हीकडचा रिसोर्स मेझर्ड असू शकतो. तरीही वरचा भाग रिझर्व्ह ठरतो आणि खालचा वर्षानुवर्षं रिसोर्स म्हणूनच राहतो. वरचा खडक मऊ, सुरुंग कमी लागतात, सोनं मोकळं झालेलं, सायनाइडमध्ये सहज विरघळतं. खाली सुरुंग, दळणाला भरपूर वीज, आणि काही ठिकाणी तर सोनं आर्सेनोपायराइट या गंधकयुक्त (सल्फाइड) खनिजाच्या कणांच्या आत इतकं बारीक अडकलेलं, की सायनाइड त्याच्यापर्यंत पोचतच नाही. घानातल्या ओबुआसीला याच कारणाने आधी जिवाणूंकडून सल्फाइड खाऊन घ्यावं लागतं आणि मग सोनं काढता येतं. सोनं किती आहे याची खात्री वर आणि खाली एकच. ते काढण्याचा हिशेब वेगळा.

मालीमधली सादिओला खाण याचं ठळक उदाहरण. १९९० च्या दशकात सुरू झालेली ही खाण मऊ, ऑक्सिडाइझ झालेल्या खनिजावर चालली. खाली कडक सल्फाइड खनिज आहे हे वर्षानुवर्षं माहीत होतं, त्याचं ड्रिलिंग झालेलं होतं, प्रकल्पाचा अभ्यासही झालेला होता. पण तेव्हाच्या मालक कंपन्या अँग्लोगोल्ड अशांती आणि आयअ‍ॅमगोल्ड यांचं मालीच्या सरकारशी अटींवर जमेना. २०१८ मध्ये खोदकाम थांबलं, काढून ठेवलेल्या ढिगांवर गिरणी चालत राहिली, आणि २०२० अखेर खाण अलाइड गोल्डला विकली गेली. अडलं ते अटींवर. आणखी भोकं पाडून तो प्रश्न सुटणारा नव्हता.

दार उलट्या दिशेनेही उघडतं. ओबुआसी १८९७ पासून चालू असलेली, जगातल्या नावाजलेल्या समृद्ध खाणींपैकी एक. तरीही खर्च आवाक्याबाहेर गेला म्हणून २०१४ अखेर तिचं भूमिगत खोदकाम थांबवावं लागलं. नव्या आराखड्यानंतर पुन्हा पहिलं सोनं ओतलं गेलं ते डिसेंबर २०१९ मध्ये. मधल्या पाच वर्षांत खालचं सोनं जागचं हललं नव्हतं. ते मेझर्ड आहे की इंडिकेटेड, एवढ्यावर ते निघेल की नाही हे ठरतच नव्हतं.

परवान्याचा मुद्दा तर बातम्यांत जवळपास कधीच येत नाही. 'कंपनीच्या ताब्यात इतके चौरस किलोमीटर' एवढंच छापतात. घानाच्या २००६ च्या खाण कायद्यात प्रॉस्पेक्टिंग लायसन्स शोधापुरतं असतं. काढायला मायनिंग लीज लागते, जास्तीत जास्त ३० वर्षांची, आणि तिच्यासोबत सरकारचा १० टक्के मोफत हिस्सा येतो. लीजच हातात नसेल आणि मिळेल असं मानायला आधारही नसेल, तर रिझर्व्हचा दावा टिकत नाही.

भावाबद्दल एक गोष्ट पक्की धरून ठेवा. कंपन्या रिझर्व्हसाठी बाजारभाव लावत नाहीत. २०२३ अखेरच्या हिशेबात बॅरिक या मोठ्या खाण कंपनीने रिझर्व्हसाठी औंसाला १,३०० डॉलर आणि रिसोर्ससाठी १,७०० डॉलर धरले होते, तेव्हा बाजारात सोनं २,००० च्या वर होतं. आजच्या भावाने गुणाकार करणाऱ्याने हा तळटिपेतला आकडा पाहिलेलाच नसतो. आणि रिझर्व्हमधले औंससुद्धा गिरणीच्या तोंडाशी पोचणारे असतात. खोदताना मिसळणारा रिकामा खडक आणि मागे सुटणारं खनिज त्यात धरलेलं असतं, पण गिरणीतली गळती साधारणपणे धरलेली नसते. विटेच्या रूपात हाती येणारं सोनं त्याहून कमीच, म्हणून रिकव्हरीचा, म्हणजे गिरणीत प्रत्यक्ष सुटणाऱ्या सोन्याचा, टक्का न देणारी बातमी मी अपुरी मानते.

मला सर्वांत जास्त खुपते ती बेरीज. बऱ्याच कंपन्या रिसोर्सचा आकडा रिझर्व्ह धरून देतात. अशा वेळी दोन्ही मिळवले की तेच सोनं दोनदा मोजलं जातं. तक्त्याखाली 'रिझर्व्ह धरून' की 'रिझर्व्ह वगळून' हे लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय बेरीज करू नका. इन्फर्डचं तर त्याहून कडक आहे. त्यावरून थेट रिझर्व्ह काढताच येत नाही, आणि कॅनडाच्या नियमांत तो आकडा इंडिकेटेड-मेझर्डमध्ये मिळवायलाही मनाई आहे. म्हणून त्याची ओळ तक्त्यात वेगळी असते. ती वरच्या बेरजेत घालून एकच मोठा आकडा सांगणारी बातमी मी तिथेच वाचायची थांबवते.