आधी देवराष्ट्रे, मग किर्लोस्करवाडी, मग फलटण

विट्याच्या आमच्या भिशीत अधूनमधून कुणीतरी विचारतंच, "ताई, बायकांच्या आयुष्यावरचं काही चांगलं वाचायला सांगा की." मी तीन-चार नावं सांगते, पण नुसत्या नावांवर भागत नाही. यातली बरीच पुस्तकं आपल्याच मुलखातल्या बायकांची आहेत, हे ऐकल्यावर त्यांचे चेहरे बदलतात.

मुलूख म्हणजे जुना सातारा. सांगली जिल्हा १९४९ साली 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा झाला, सांगली हे नाव १९६० साली मिळालं. सावित्रीबाई फुले खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या, जन्म १८३१ चा. 'काव्यफुले' १८५४ साली छापून आलं. पोरींना शाळेत पाठवणं हेच जिथं पाप, तिथं बाईच्या कवितेचं पुस्तक!

रमाबाई रानडे आमच्या देवराष्ट्र्याच्या, कुर्लेकरांच्या. माहेरी मुलीला अक्षरओळख नाही. अकराव्या वर्षी लग्न झालं आणि नवऱ्यानं, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी, त्यांना स्वतः शिकवायला घेतलं. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते खपेना. टोमणे, अबोला, सगळं झालं. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० साली आलं. नवऱ्याच्या आठवणी म्हणून ते वाचतात, पण मला त्यात दिसते ती वाचायला शिकणारी, बोलणी खाणारी सून.

मग किर्लोस्करवाडी. औंध संस्थानातल्या माळावर नांगराचा कारखाना, आणि तिथूनच शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली 'स्त्री' मासिक काढलं. ते गावोगावच्या माजघरात पोचलं. माझी आत्या पलूसला दिलेली. ती अंकाला पोरांच्या पाठ्यपुस्तकासारखं खाकी कव्हर घालायची, सासूला कळू नये म्हणून. पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या तळाशी ते अंक होते. ती गेल्यावर मी ट्रंक उघडली तर कव्हरांवर तिच्या अक्षरात 'गणित', 'भूगोल' लिहिलेलं.

पुढे १९७५ चं आंतरराष्ट्रीय महिला वर्ष आलं. ताराबाई शिंदे यांचं १८८२ चं 'स्त्रीपुरुषतुलना' विस्मरणात गेलं होतं. ते स. गं. मालशे यांनी त्याच सुमारास पुन्हा छापून लोकांपुढे आणलं. स्त्रीमुक्ती हे बाहेरून आलेलं खूळ म्हणणाऱ्याला मी १८८२ हे सालच दाखवते.

पण माझा जीव अडकतो तो फलटणला. बेबीताई कांबळे तिथं छोटं किराणा दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला रद्दी यायची, ती त्या वाचायच्या. पुडी बांधता बांधता वाचणारी बाई! पुढे वाचनालयाच्या सभासद झाल्या, लिहू लागल्या, आणि वह्या घरातल्यांपासून लपवून ठेवल्या. कित्येक वर्षं. 'जिणं आमुचं' हे त्यांचं आत्मकथन १९८२ साली 'स्त्री' मासिकात क्रमशः छापून आलं, १९८६ साली पुस्तक झालं. आमच्या वाडीत जन्मलेलं मासिक तोवर पुण्याला गेलं होतं, तरी महारवाड्यातलं हे जिणं पहिल्यांदा छापलं त्यानंच, याचा मला अभिमान वाटतो.

आणि बेबीताई स्वतःच्या माणसांनाही सोडत नाहीत. जातीनं लादलेली उपासमार सांगतात, तशीच घरातल्या पुरुषांची मारझोड सांगतात, सुनेला छळणारी सासू सांगतात. नाक कापलेल्या सुना येतात त्या पानांवर मी दर वेळी थांबते.

म्हणून भिशीत कुणी विचारलं, की आता मी आधी 'जिणं आमुचं' हातात देते, नंतर रमाबाई. गेल्या महिन्यात एकीनं पुस्तक पिशवीत भाजीखाली घातलं. मी म्हटलं, "वर ठेव गं, दिसू दे." तिनं मेथीची जुडी बाजूला केली आणि पुस्तक वर ठेवलं.