वराहपालनातील बंदिस्ती आणि हाळी

पाळीव डुकरे ठरावीक जागेत राखणे आणि ओळखीच्या हाकेला ती परत येतील असे वळण त्यांना लावणे, या वराहपालनातील परस्परांना पूरक अशा दोन प्रथा होत.

डुक्कर माणसाळण्याचा प्रारंभ पूर्व आनातोलिया (आजच्या तुर्कस्तानचा पूर्व भाग) व चीन येथे स्वतंत्रपणे, सुमारे 9 ते 10 हजार वर्षांपूर्वी किंवा त्याच्या आगेमागे झाला असावा. भारतीय उपखंडही असेच स्वतंत्र केंद्र होते, असे मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या अभ्यासांवरून सुचविले गेले आहे. परंतु हा डीएनए केवळ मातृवंशाने उतरत असल्यामुळे, बाहेरून आलेल्या कळपांचा स्थानिक रानडुकरिणींशी संकर झाला असतानाही तेच चित्र दिसू शकते, म्हणून येथे सावध राहणे इष्ट. वस्तीच्या कडेला खरकटे खाण्यासाठी येणारी रानडुकरे हळूहळू माणसाळली, हे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण हाळीचे वळणही अन्नाच्या याच ओढीवर उभे आहे.

हाळीचे जुने लेखी उल्लेख रोमन काळातील आहेत. इ.स.पू. दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो की, इटलीतील डुकरे राखणारे कळपामागून न जाता पुढे चालत शिंग फुंकतात आणि एकत्र मिसळलेले कळपही आपापल्या शिंगाच्या आवाजाने वेगळे होतात. पुढील शतकातील रोमन ग्रंथकार व्हॅरोने वळण लावण्याची रीतही नोंदविली आहे : डुकरे आधी कोंडावीत, शिंग वाजताच दार उघडावे आणि बाहेर सातू ढिगाने न टाकता लांब ओळीत पसरावेत, म्हणजे अनेकांना एकाच वेळी खाता येते. बंदिस्तीतूनच हाळी शिकविण्याचे हे तत्त्व आजही तसेच लागू पडते.

डुकराला सुमारे 42 हर्ट्‌झपासून 40 किलोहर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. जर्मनीतील प्रयोगांत प्रत्येक डुकराने स्वतःचा वेगळा ध्वनिसंकेत ओळखून खाद्ययंत्राकडे जाणे शिकले. व्यवहारात हाक नेहमी एकच असावी, ती कोंडा-चुनीची बादली दिसण्याच्या क्षणभर आधी द्यावी आणि आलेल्या जनावराला दर वेळी थोडे तरी खाद्य मिळावे. टोचणीसाठी किंवा पकडण्यासाठी तीच हाक वापरल्यास वळण लवकर मोडते.

डुक्कर कुंपणावरून उडी क्वचितच मारते. ते नाकाड खुपसून खालची कड उचकटते. त्यामुळे उंचीपेक्षा तळाची घट्ट पकड महत्त्वाची ठरते. विजेच्या तारेचा झटका बसल्यावर न सरावलेले डुक्कर मागे न फिरता पुढेच धावते, म्हणून तारेमागे भक्कम फळ्या असलेल्या लहान आवारात ते आधी सरावून घेतात. विणीच्या खोलीत भिंतीपासून व जमिनीपासून 20 ते 25 सेंमी. अंतरावर दांडा बसविल्याने पिल्ले आईखाली चिरडत नाहीत.

नागपुरात उन्हाळ्यात पारा 45 अंश सेल्सियसच्या पुढे जातो आणि घामाने शरीर थंड करण्याची क्षमता डुकराला जवळजवळ नसते. सावली व लोळण्यापुरते पाणी नसेल, तर ते आवार फोडून नाल्याकडे धावणारच. मोकाट डुकरांचा उपद्रव शहरात परिचित आहे. 1871 च्या गुरे अतिक्रमण कायद्याने डुकरांनाही कोंडवाड्याच्या कक्षेत घेतले आणि पीक, जमीन वा सार्वजनिक रस्त्याच्या नुकसानीबद्दल मालकाला 10 रुपयांपर्यंत दंड ठरविला. मानवी विष्ठा खाण्यात आल्यास डुकरात पट्टकृमीच्या अळ्या वाढतात. या कारणानेही पशुवैद्यक बंदिस्त पालनाचा आग्रह धरतात.