फुल रेंज, तरी नेट नाही

दर रविवारी रात्री आमच्या घरचं वायफाय आजारी पडायचं. सोमवार ते शनिवार ठणठणीत. रविवारी जेवणं आटोपली की मी कॉम्प्युटरसमोर बसायचो, आठवडाभराचे फोटो आणि हिशेबाच्या फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवायला लावायचो आणि तोवर एखादं भाषण ऐकावं म्हणून यूट्यूब उघडायचो. तिथे ते गोल चक्र फिरत राहायचं. पडद्याच्या कोपऱ्यात मात्र वायफायच्या सगळ्या कमानी भरलेल्या. रेंज फुल, आणि नेट नाही.

इंटरनेटवाल्यांना फोन केला की पलीकडचा मुलगा ठरलेलं वाक्य म्हणायचा, "सर, राउटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करा." मी करायचो. आणि खरंच, थोड्या वेळाने सगळं सुरळीत व्हायचं. तोडगा लागू पडतोय म्हटल्यावर कारण कोण शोधत बसतो? असे दोन महिने गेले.

या तोडग्याला मी हसणार नाही. राउटर हाही एक छोटा कॉम्प्युटरच. महिनोन्महिने चालू राहिला की त्याच्या मेमरीत जुन्या जोडण्यांचा गाळ साचतो, एखादा प्रोग्रॅम अडकून बसतो. वीज तोडली की पाटी कोरी. शिवाय बरेच राउटर सुरू होताना आसपासची हवा चाचपून कमी गर्दीचं चॅनेल निवडतात. पण पाटी कोरी करताना पुरावाही पुसला जातो, आणि पुढच्या वेळी आपण पुन्हा तिथेच उभे. म्हणून बटणाला हात लावण्याआधी एकच गोष्ट बघायची: तुटलंय कुठे?

"वायफाय गेलं" असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन वेगळे रस्ते असतात. कॉम्प्युटरपासून राउटरपर्यंतचा पाच-दहा मीटरचा हवेतला रस्ता म्हणजे वायफाय. राउटरपासून पुढे जगापर्यंतचा रस्ता आता बहुतेक घरांत काचेच्या तंतूतून जातो, त्याचा वायफायशी काही संबंध नाही. जिन्यातली फायबर उंदराने कुरतडली तरी वायफायच्या कमानी भरलेल्याच दिसणार.

कोणता रस्ता बंद आहे हे कळायला अर्धा मिनिट पुरतं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडायची, 'पिंग' हा इंग्रजी शब्द लिहायचा, एक जागा सोडायची आणि राउटरचा पत्ता टाकायचा. हा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर छापलेला. माइक मूस या अमेरिकी प्रोग्रॅमरने १९८३ च्या डिसेंबरात पिंग हा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडीच्या सोनारचा जो आवाज, तेच नाव त्याला दिलं. हाक मारायची आणि 'ओ' यायला किती वेळ लागला ते मोजायचं. विंडोज चार हाका मारतं. राउटर शेजारच्या खोलीत असेल तर उत्तर एक ते तीन मिलिसेकंदांत यायला हवं. मग तीच हाक ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला मारायची. राउटर पटकन ओ देतोय आणि गूगल गप्प, तर खुशाल कंपनीला फोन करा, चूक त्यांच्या बाजूला असण्याची शक्यता मोठी. राउटरच अडखळत बोलत असेल, तर मात्र कंपनीला बोल लावून उपयोग नाही, दुखणं घरातलं आहे.

दोन्ही ओ देतात आणि तरी वेबसाइट उघडत नाहीत, असंही होतं. तेव्हा नावावरून नंबर शोधून देणारी डीएनएस सेवा अडलेली असते. आणि कॉम्प्युटरचा स्वतःचाच पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही, वाट बघून कंटाळून त्याने स्वतःच एक घेतलाय. तिथे ते बंद-चालू बऱ्याचदा कामी येतं.

माझ्याकडे शनिवारी राउटरचं उत्तर दोन मिलिसेकंदांत येत होतं. रविवारी रात्री तीनशे, आठशे, मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', म्हणजे उत्तरच नाही. म्हणजे भानगड माझ्याच घरातल्या हवेत होती.

ही हवा कसली असते ते बघण्यासारखं आहे. घरगुती वायफायची जुनी पट्टी २.४ गिगाहर्ट्झची, तिथल्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. ही पट्टी निवडली गेली ती ती चांगली होती म्हणून नव्हे, तर ती कोणाला नको होती म्हणून. १९४७ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीला झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासची जागा उद्योग, विज्ञान आणि वैद्यकातल्या यंत्रांसाठी सोडली गेली. ही यंत्रं तिथे खुशाल गोंगाट करणार, संदेश पाठवणाऱ्यांनी तक्रार करायची नाही, असा हिशेब. १९८५ साली अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने या उकिरड्यावर विनापरवाना संदेशवहनाला मुभा दिली, आणि त्यातून पुढे १९९७ साली वायफायचं पहिलं मानक आलं. भारतात २.४ ची पट्टी घरोघरी विनापरवाना वापरायला २००५ पासून मोकळी झाली.

त्या उकिरड्यावरचा एक जुना भाडेकरू म्हणजे मायक्रोवेव्ह ओव्हन. (पाण्याचा रेणू नेमका याच कंप्रतेला थरथरतो म्हणून ती निवडली, असं अनेक ठिकाणी छापलेलं असतं. ते खरं नाही. पाणी याहून कितीतरी वरच्या कंप्रता जास्त जोरात शोषतं.) ओव्हन आठशे वॅटचा, घरचा राउटर एक दशांश वॅटचा. ओव्हनच्या दाराच्या फटीतून दहा हजारांतला एक भाग झिरपला, तरी तो ०.०८ वॅट होतो. माणसाला त्याने काही होत नाही, पण राउटरच्या तोडीस तोड गोंगाट झालाच की! वरण गरम होईस्तोवर व्हिडिओ अडखळतो तो यामुळे.

माझा पहिला संशय मात्र शेजाऱ्यांवर होता. डोंबिवलीतली चार मजली इमारत, रविवार रात्र, सगळे घरी. मोबाइलवरच्या वायफाय तपासणाऱ्या अ‍ॅपमध्ये एकोणीस नेटवर्कं दिसली. २.४ च्या पट्टीत आपल्याकडे तेरा चॅनेलं असतात, पण तो आकडा फसवा आहे. दोन चॅनेलांमध्ये अंतर पाच मेगाहर्ट्झचं, आणि प्रत्येक चॅनेलला बसायला जागा लागते वीसची. लोकलच्या चौथ्या सीटसारखा प्रकार. एकमेकांना न खेटता बसणारी चॅनेलं तीनच: १, ६ आणि ११. अकरा जण सहावर होते, दोन-तीन महाभाग तीन आणि चारवर बसून दोन्हीकडच्यांना कोपरं मारत होते. वायफायचा शिष्टाचार असा की बोलण्याआधी ऐकायचं, कोणी बोलत असेल तर थांबायचं, आणि मग काही क्षण अंदाजाने सोडून तोंड उघडायचं. एका चॅनेलवर एका वेळी एकच बोलणार. त्यामुळे शेजारच्या घरचा सिनेमा हा तुमच्या रांगेत उभा असतो.

मी राउटर अकरावर नेला. मग त्याची जागाही बदलली, कारण तो लोखंडी कपाटामागे, आरसा लावलेल्या भिंतीशी होता. या लहरीला धातू ओलांडता येत नाही, आणि आरशाच्या पाठीमागेही धातूचाच पातळ थर असतो. बाकीचे सहा दिवस यामुळे खरंच वेग वाढला. रविवार जैसे थे.

आता त्या भरलेल्या कमानींबद्दल. त्या फक्त राउटरचा आवाज किती मोठा येतोय ते सांगतात. आवाज मोठा म्हणजे तरी किती? चांगल्या जोडणीत कॉम्प्युटरला वजा साठ डेसिबल-मिलिवॅट मिळतात, म्हणजे एक नॅनोवॅट. राउटरने फेकलेल्या शक्तीचा दहा कोटींतला एक भाग! इतकी कुजबूज ऐकून त्यातून सिनेमा उभा करायचा हे मला आजही थक्क करतं. पण कुजबूज कळते ती भोवती शांतता असेल तर. वरातीच्या बेंजोशेजारी उभं राहिलात, तर मित्र कानात ओरडला तरी शब्द लागत नाहीत. आवाज पुरेसा आहे, पण बेंजोच्या मानाने नाही. कमानी हा बेंजो दाखवतच नाहीत.

बेंजो कोणाचा, हे शोधायची युक्ती मला ऑस्ट्रेलियातल्या एका गोष्टीत सापडली. तिथली सरकारी संशोधन संस्था सीएसआयआरओ. जॉन ओसलिव्हन हे तिथले रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. फुटणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे संकेत ते शोधत होते, मिळाले नाहीत. पण विस्कटलेला रेडिओ संकेत गणिताने निवडून घेण्याची ती विद्या त्यांनी आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात वायफायच्या कामी लावली. खोलीत लहर भिंतींवर आपटून अनेक वाटांनी, मागेपुढे पोचते. देवळाच्या गाभाऱ्यात भरभर बोललं की प्रतिध्वनीत शब्द कालवले जातात, तसं. उपाय असा की एकाने भरभर बोलण्याऐवजी अनेक बारीक आवाजांनी एकदम, पण सावकाश बोलायचं. आजच्या वायफायचा वेग बराचसा याच कल्पनेवर उभा आहे.

त्याच संस्थेच्या पार्क्स इथल्या रेडिओ दुर्बिणीला १९९८ पासून अधूनमधून विचित्र क्षणिक संकेत मिळत होते. दुरून आल्यासारखे दिसायचे, पण आकाशातले वाटत नव्हते. 'पेरिटॉन' असं नावही पडलं. २०१५ साली एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी उलगडा केला. हे संकेत नेहमी कचेरीच्या वेळात, बहुतेक कामाच्या दिवशीच यायचे, आणि त्याच क्षणी शेजारच्या गोंगाटमापकावर २.४ गिगाहर्ट्झची उसळी दिसायची. कोणीतरी जेवण गरम करताना ओव्हन थांबायच्या आत दार उघडत होतं. आपल्या नारायणगावजवळच्या खोडद परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस महाकाय तबकड्या उभारल्या, त्या जागेच्या निवडीतही तिथला कमी रेडिओ गोंगाट हे एक कारण होतं.

पार्क्सच्या लोकांनी आधी वेळापत्रक मांडलं, हे मी उचललं. एक वही घेतली आणि नेट गेलं की वेळ, आणि त्या वेळी घरात काय काय चालू होतं ते लिहू लागलो. ओव्हन, मिक्सर, टीव्ही, ब्लूटूथ, सगळं. तिसऱ्या रविवारी एक नोंद बोचली: माझ्या शेजारी, त्याच टेबलावर, बायकोचा मोबाइल याच वायफायवर मालिका सुरळीत दाखवत होता. तो वायफायच्या दुसऱ्या, पाच गिगाहर्ट्झच्या पट्टीवर होता, माझा कॉम्प्युटर २.४ वर. म्हणजे गोंगाट फक्त २.४ मध्ये, आणि राउटर आजारी नाहीच. दुसऱ्या दिवशी, चांगल्या सोमवारी, मी मुद्दाम हार्ड डिस्क जोडून मोठी फाइल उतरवायला घेतली. पिंगचे आकडे दोनवरून सहाशेवर गेले. कॉपी थांबवली, पुन्हा दोन.

माझ्या कॉम्प्युटरला वायफाय येतं ते यूएसबीच्या खोबणीत खोचलेल्या नखाएवढ्या डोंगलमधून. तो मागच्या बाजूला, आणि त्याच्या बोटभर शेजारी निळ्या खोबणीत हार्ड डिस्कची वायर. निळी खोबण म्हणजे यूएसबी ३. सेकंदाला पाच अब्ज बिटं या वेगाने त्यात संदेश धावतात, आणि त्यातून जो रेडिओ गोंगाट उठतो तो इतका रुंद पसरतो की २.४ ची अख्खी पट्टी त्यात बुडते. इंटेलने २०१२ साली हे मोजून प्रसिद्ध केलं होतं: अशी डिस्क जवळ चालू असताना त्या पट्टीतला गोंगाट जवळपास वीस डेसिबलने, म्हणजे शंभरपट चढलेला. गाळणी लावून तो काढताही येत नाही, कारण तो नेमका आपल्याच संदेशाच्या कंप्रतेवर असतो. वायरलेस माउस अशा वेळी अडखळतो तोही याच कारणाने.

आणि तो राउटरचा तोडगा? राउटर बंद करून, दोन मिनिटं थांबून, सुरू होऊन पुन्हा जोडणी लागेपर्यंत माझी कॉपी संपलेली असायची. बस्स.

उपाय शंभर-दीडशे रुपयांचा निघाला: मीटरभर लांबीची साधी यूएसबी एक्स्टेन्शन वायर. डोंगल तिच्या टोकाला लावून टेबलापासून वर, भिंतीवर, कालनिर्णयच्या खिळ्याला टांगला. अंतर वाढलं की गोंगाट झपाट्याने विरतो, आणि डोंगलला राउटरही आता समोर दिसतो. परवा दिवाळीच्या साफसफाईत आईने "ही कसली वायर लोंबतेय" म्हणून तो काढून पुन्हा कॉम्प्युटरच्या मागे खोचला. रविवारी रात्री चक्र फिरू लागलं, तेव्हा मी राउटरकडे गेलोच नाही, आधी कालनिर्णयकडे पाहिलं.