देवाचा विषय निघाला की कट्टा गप्प का होतो?

कोल्हापुरात वादाला विषय शोधावा लागत नाही. पेठांचा फुटबॉल घ्या, तांबड्यात खोबरं किती घालायचं ते घ्या, नाहीतर खासबागेतली जुनी कुस्ती. गंगावेशीत धारोष्ण दुधाचा पेला हातात धरून माणसं यावर तासभर तोंडाला तोंड देतात. तिथंच कुणी सहज म्हणालं, "देव खरंच असतो का रं?" की दोघं घड्याळ बघतात आणि तिसऱ्याचं डोकं सटकतं. उत्तर अजून कुणी दिलेलंही नसतं. मग राग कशाचा?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी सहकाऱ्यांसोबत केलेला एक प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला. लोकांना त्यांनी एक गोष्ट वाचायला दिली. पाच वर्षांच्या मुलाला नवं यकृत हवं आहे, खर्च दहा लाख डॉलर. तेच पैसे रुग्णालयाच्या इतर गरजांनाही लागणार आहेत आणि निर्णय संचालकाच्या हातात आहे. त्याने मुलाला वाचवलं तर लोक खूश होणार, हे उघड आहे. पण त्याने मुलाला वाचवलं, फक्त बराच वेळ विचार करून, असं वाचल्यावर लोकांच्या मनातून तो उतरला. झटकन हो म्हणणाऱ्याची मात्र वाहवा झाली. म्हणजे योग्य निर्णयही पुरला नाही. ‘याला विचार करावा लागलाच कसा?’ इथंच माणसं दुखावली.

पवित्र मानलेल्या गोष्टीचा हा स्वभावच आहे. ती तराजूत घातली की, काटा कुठेही झुको, विटाळ झालेला असतो. नास्तिकाला वाटतं आपण साधा प्रश्न विचारला. श्रद्धाळूच्या कानाला तो प्रश्न म्हणजेच पारड्यात टाकणं वाटतं. मला हे उलटही दिसतं. विवेकवादी माणसाला "तुमच्या तत्त्वांची किंमत बोला" म्हणून बघा, तोही उसळतो.

मेंदूचा अभ्यास करणारे अमेरिकी संशोधक ग्रेगरी बर्न्स यांच्या गटाने हे मेंदूत पाहिलं. 2012 सालच्या या अभ्यासात लोकांना पैसे घेऊन स्वतःच्याच मताविरुद्ध सही करायची मुभा होती. ‘मी चहा पितो’ यासारखी मतं सहज विकली गेली. जी मतं लोकांनी विकायला नकार दिला, ती वाचताना मेंदूतले नियम आणि बरं-वाईट यांच्याशी जोडलेले भाग जास्त जागे दिसले. तिथं नफ्या-तोट्याचा हिशेब चाललेला नव्हता.

म्हणूनच कोल्हापूरचं एकत्र राहणं मला नेहमी शहाणपणाचं वाटतं. बाबुजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे. मोहरमच्या पंजांपुढे हिंदू घरांतली माणसं हात जोडतात. कुरुंदवाडच्या मशिदींत गणपती बसतो. यात कुणाचा देव खरा, हा सवाल कुणी टाकतच नाही. आरती होते, प्रसाद वाटला जातो, झालं.

मोबाईलवर मात्र सवालच आधी येतो, तोही आवाजाशिवाय. इथल्या रांगड्या बोलीत ‘काय रं येड्या’ ही शिवी की माया, हे तोंड बघून कळतं. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांच्या 2005 सालच्या प्रयोगात ई-मेल पाठवणाऱ्यांना वाटत होतं की आपला उपरोध साधारण 78 टक्के वेळा ओळखला जाईल. प्रत्यक्षात तो 56 टक्के वेळाच ओळखला गेला, नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरा. शिवाय कट्ट्यावर ऐकणारे चौघं ओळखीचे असतात. स्क्रीनवर मात्र आपल्या बाजूची सगळीच माणसं बघत असतात आणि गप्प बसलो तर ‘यालाही पटलं’ असं धरलं जाईल, ही धास्ती असते. टेटलॉकचा संचालक आठवा: उशीर झाला तरी गुन्हाच. त्यामुळे आधी उसळायचं, मग वाचायचं.

7 जून 2023 ला मोबाईलवरच्या स्टेटसवरून कोल्हापूर बंद झालं, लाठीमार झाला, इंटरनेट तोडावं लागलं. त्या वादात धर्माइतकंच इतिहास आणि राजकारणही होतं, हे मान्य. पण काही ओळी आणि चित्रं एवढी पेटतात, याचा काही भाग वरच्या प्रयोगांत सापडतो.

समजूत घालताना लोक सहसा व्यवहाराची भाषा करतात: धंदा बुडतोय, नुकसान होतंय, सोडून द्या. जेरेमी गिंजेस, स्कॉट अ‍ॅट्रन आणि सहकाऱ्यांनी 2007 साली पॅलेस्टिनी निर्वासित आणि इस्रायली वसाहतवाले यांच्यात हेच तपासलं. ज्यांच्या लेखी जमिनीसारखा वादाचा प्रश्न पवित्र होता, त्यांना तडजोडीसोबत पैसाही देऊ केला तेव्हा ते आणखी चिडले. समोरच्या बाजूने स्वतःला पवित्र वाटणारं काहीतरी सोडल्याचं दिसलं, तेव्हा राग उतरला.