छप्परविषयक बांधकाम संहिता व गृहविमा दावे

(अमेरिकेची संयुक्त संस्थाने). गारपीट, चक्रीवादळ वा आग यांमुळे राहत्या घराच्या छपराची हानी झाली, की दुरुस्ती स्थानिक बांधकाम संहितेनुसार करावी लागते. जुने छप्पर घातले तेव्हाचे नियम सौम्य असतील, तर आजच्या नियमांपायी वाढणारा खर्च कोणी सोसायचा, हा दाव्यातील वेगळा मुद्दा असतो. त्याला ‘हानी’ म्हणत नाहीत आणि पॉलिसीत त्याचे कलमही वेगळे असते. दावे अडतात ते बहुधा या दोन गोष्टी एकाच यादीत मिसळल्यामुळे.

छपराच्या साहित्यावर कायद्याचे बंधन प्रथम केव्हा आले, याविषयी एकमत नाही. लंडनचा पहिला महापौर हेन्री फिट्झ-ॲल्विन याच्या नावाने ओळखली जाणारी इमारतींची नियमावली परंपरेने ११८९ ची मानतात, पण या तारखेविषयी शंका घेतली गेली आहे. १२१२ च्या मोठ्या आगीनंतर निघालेल्या आदेशाने नव्या गवती छपरांना मनाई केली. त्यामुळे छपरापुरते पाहता हे दुसरे वर्ष अधिक भरवशाचे वाटते. अमेरिकेतील पहिली बंदी अनेक संदर्भग्रंथ बॉस्टनची सांगतात आणि वर्ष कधी १६३०, तर कधी १६३१ देतात. वर्षातील फरक पंचांगाचा आहे. त्या काळी इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून बंदीला निमित्त झालेली, मार्चच्या मध्यास लागलेली आग जुन्या गणनेने १६३० मध्ये पडते. स्थळाचा प्रश्न मात्र तेवढ्याने सुटत नाही. मॅसॅचूसेट्स वसाहतीचा उपगव्हर्नर टॉमस डडली याने त्याच महिन्यात लिहिलेल्या पत्रात आग बॉस्टनची सांगितली आहे; लाकडी धुराडे व गवती छप्पर यांवरील बंदी मात्र ‘आमच्या नव्या गावात’ घातल्याचे म्हटले आहे. हे गाव म्हणजे न्यूटाउन, पुढचे केंब्रिज. समकालीन पुरावा म्हणून हे पत्र उत्तरकालीन संकलनांपेक्षा ग्राह्य धरावे.

आधुनिक नमुना संहितेचा (स्थानिक शासनांनी स्वीकारावा म्हणून तयार केलेल्या नियमांच्या मसुद्याचा) उगम थेट विमाव्यवसायात आहे. फेब्रुवारी १९०४ मधील बॉल्टिमोरच्या आगीनंतर ‘नॅशनल बोर्ड ऑफ फायर अंडररायटर्स’ या अग्निविमा कंपन्यांच्या संघटनेने १९०५ मध्ये देशातील पहिली राष्ट्रीय नमुना संहिता प्रसिद्ध केली. नियमांची मागणी अशी विमाकर्त्यांकडूनच आली होती. पुढे तीन प्रादेशिक संघटनांच्या संहिता प्रचारात आल्या. त्यांनी १९९४ मध्ये ‘इंटरनॅशनल कोड कौन्सिल’ स्थापन केले आणि एकत्रित निवासी संहिता २००० मध्ये आली. तिची आवृत्ती दर तीन वर्षांनी निघते. ही संहिता स्वतः कायदा नाही. राज्य, परगणा वा शहर यांनी एखादी आवृत्ती स्वीकारली की ती तेथे बंधनकारक होते, तीही स्थानिक दुरुस्त्यांसह. म्हणून ताज्या आवृत्तीचे कलम दाव्यात उद्धृत करणे ही सर्वांत सामान्य चूक होय. शहर दोन आवृत्त्या मागे असेल, तर ते कलम तेथे लागूच होत नाही. कलमांचे क्रमांकही सरकतात. छप्पर बदलण्याचे नियम २०१२ पर्यंत ‘आर ९०७’ खाली होते, २०१५ पासून ते ‘आर ९०८’ खाली आहेत.

डांबरी शिंगलच्या (एकावर एक चढवून ठोकायच्या पातळ तुकड्यांच्या) छपराबाबत दाव्यात वारंवार येणाऱ्या तरतुदी थोड्या आहेत. आधीच दोन थर असल्यास तिसरा चढवता येत नाही. सारे उतरवून फळ्यांपर्यंत जावे लागते. शिंगल सलग तक्तपोशीवरच (छपराखालच्या फळ्यांच्या थरावरच) ठोकावे लागतात. लाकडी शिंगलच्या जुन्या घरांत फळ्यांमध्ये फटी सोडलेल्या असतात, तेथे वरून प्लायवूड वा ओएसबी (लाकडी चिपांचे दाबीव फलक) घालणे हा संहितेचा खर्च ठरतो. कुजलेली फळी बदलणे मात्र संहितेचा खर्च नव्हे. ती झीज म्हणून नाकारली जाते, म्हणून दोन्हींची छायाचित्रे व मोजमापे वेगळी ठेवावीत. खिळा तक्तपोशीत किमान पाऊण इंच (सु. १९ मिमी.) शिरावा आणि तक्तपोशी त्याहून पातळ असल्यास आरपार जावा. वळचणीला व पाख्याच्या तिरक्या कडेला पाणी तोडणारी धातूची पट्टी २०१२ च्या आवृत्तीपासून सक्तीची आहे. २००९ ची आवृत्ती चालू असलेल्या गावात तीच पट्टी संहितेच्या नावावर मागता येत नाही.

सर्वाधिक वाद बर्फरोधक पट्ट्याचा (शिंगलखाली घालायच्या जलरोधक थराचा) असतो. वळचणीशी बर्फ साचून पाणी मागे चढण्याचा पूर्वानुभव आहे, असे स्थानिक प्राधिकरणाने तक्त्यात नोंदवले असेल तेथेच हा पट्टा लागतो. तो छपराच्या खालच्या कडेपासून बाह्य भिंतीच्या रेषेच्या आत किमान २४ इंच (सु. ६१ सेंमी.) पोचला पाहिजे, ८:१२ (१२ इंच आडव्या अंतरात ८ इंच चढ) व त्याहून तीव्र उतारावर तो कडेपासून पाख्यावर किमान ३६ इंच असावा, अशी भर आहे. ‘भिंतीची रेषा’ म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग की आतला, यावर निरीक्षकांत फरक पडतो. वळचण १८ इंच, भिंत ६ इंच जाड व उतार ६:१२ धरू. आतल्या पृष्ठभागापासून मोजल्यास आडवे अंतर ४८ इंच भरते. त्याला ६:१२ उताराच्या १.११८ या गुणकाने गुणले की पाख्यावर सु. ५४ इंच येतात. बाहेरून मोजल्यास ४२ इंचांचे सु. ४७ इंच होतात. नेहमीची गुंडाळी ३६ इंच रुंद असते, म्हणजे कोणताही अर्थ घेतला तरी एक ओळ अपुरी पडते. तरीही विम्याच्या अंदाजपत्रकांत एकच ओळ धरलेली आढळते. आडवे अंतर व पाख्यावरचे अंतर यांची गल्लत हे त्याचे कारण असते.

प्रचलित ‘एचओ-३’ या गृहविम्याच्या नमुना पॉलिसीत घराच्या मुख्य विमारकमेच्या १० टक्क्यांपर्यंत ‘ऑर्डिनन्स ऑर लॉ’ (नियमांपायी वाढणाऱ्या खर्चाचे) संरक्षण मिळते. ३ लाख डॉलरच्या घरास ते ३० हजार होते. कंपनीच्या स्वतःच्या नमुन्यात ते कमी, जास्त वा मुळीच नसू शकते. ही रक्कम प्रत्यक्ष खर्च झाल्यावरच देय असते, नुसत्या अंदाजावर नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा : प्रथम इमारत विभागाकडून लागू आवृत्ती व दुरुस्त्या लेखी मिळवाव्यात, जुने छप्पर उतरवण्यापूर्वी कडेचे शिंगल उचलून थर मोजावेत व छायाचित्र घ्यावे, परवाना काढावा, प्रत्येक बाबीपुढे कलम व परिमाण लिहून पुरवणी मागणी (मूळ दाव्यात नसलेल्या खर्चाची) पाठवावी, शेवटी अंतिम तपासणीचा दाखला व बिले जोडावीत. पुरवणीआधी काम उरकल्यास पुराव्याचे छप्पर कचऱ्यात गेलेले असते. उत्पादकाच्या सूचनाही संहितेच्या कलमानेच पाळायच्या असल्याने त्यांची प्रत जोडणे उपयोगी पडते.

फ्लॉरिडात १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर राज्यव्यापी संहिता २००२ मध्ये अंमलात आली. तेथे बारा महिन्यांत छपराच्या वा छप्परविभागाच्या २५ टक्क्यांहून अधिक भाग दुरुस्त करायचा झाल्यास तो विभाग पूर्ण बदलावा लागे. मे २०२२ च्या कायद्याने २००७ च्या वा नंतरच्या राज्यसंहितेनुसार केलेल्या छपरांना यातून वगळले. त्यामुळे अशा दाव्यात जुन्या परवान्याची तारीख निर्णायक ठरते. मिनेसोटात पुनर्स्थापना-मूल्याच्या (झीज वजा न करता नव्याने बांधण्याचा खर्च देणाऱ्या) पॉलिसीने किमान संहितेचा खर्च द्यावा असा कायदाच आहे; परंतु अंशतः हानीत तो हानी झालेल्या भागापुरता मर्यादित आहे, आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ही मर्यादा काटेकोरपणे लावली. टेक्सासच्या किनारी परगण्यांत वादळविम्यासाठी ‘डब्ल्यूपीआय-८’ हा बांधकाम-अनुरूपतेचा दाखला प्रचलित आहे.