तुमचं मोठं चेनसॉ: घरी काय करावं, दुकानात कधी आणावं

शेतकरी बंधू-भगिनींनो,

५८ सीसी किंवा त्याहून मोठं, २०-२२ इंची पट्टीचं चेनसॉ आता खान्देशात गावोगावी दिसतं. बांधावरची बाभूळ उतरवायची, वादळात पडलेला कडुनिंब चिरायचा, सरपण पाडायचं, सगळं त्यावर होतं. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मशीनांत खरोखर झिजलेली मशीनं थोडी. बहुतेकांचं दुखणं दोनच ठिकाणी सापडतं: पेट्रोलच्या कॅनमध्ये आणि चेनच्या दातांत. या दोन्ही गोष्टी तुमच्या हातातल्या आहेत. त्यासाठी आम्हाला पैसे देऊ नका.

पेट्रोल आणि टू-टी ऑईल

या इंजिनाला वेगळी ऑईलची टाकी नाही, दुसरी टाकी दिसते ती फक्त चेनच्या ऑईलची. पिस्टन, बेअरिंग, सिलेंडर या सगळ्यांना पेट्रोलमधूनच तेल मिळतं. नुसतं पेट्रोल घालून मशीन चालवलं तर थोड्याच वेळात पिस्टनवर ओरखडे पडतात आणि इंजिन जाम होतं. प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत असतं, तेच पाळा. ५० ला १ लिहिलं असेल तर एका लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. अंदाजाने टोपणभर ओतू नका, मापाची बाटली ठेवा. ऑईल टू-स्ट्रोकचंच हवं, डब्यावर एफसी किंवा एफडी प्रत बघून घ्या. ट्रॅक्टरचं किंवा मोटारसायकलच्या इंजिनाचं ऑईल यात चालत नाही.

मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये करा, हलवा, मगच टाकीत भरा. महिनाभर पुरेल त्याहून जास्त बनवू नका. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि कार्बोरेटरमधला रबरी पडदा कडक करतं. पावसाळ्यात मशीन महिना-दोन महिने पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटर कोरडा करा. एवढं एक काम केलं तरी दिवाळीनंतर मशीन पहिल्या दिवशी सुरू होईल.

सुरू करणं

मशीन सपाट जमिनीवर ठेवा, चेन कशालाही टेकलेली नको. चेन ब्रेक (पुढच्या मुठीसमोरचा दांडा) पुढे ढकलून लावा. डावा हात पुढच्या मुठीवर, उजव्या पायाचा पंजा मागच्या मुठीत, आणि उजव्या हाताने दोरी. एका हातात मशीन लोंबकळत धरून दुसऱ्या हाताने दोरी ओढण्याची सवय गावात फार आहे. ती आजच सोडा.

थंड मशीनला पूर्ण चोक लावा. दोरी आधी हळू ओढा, अडल्यासारखी वाटली की मग झटका द्या. काही झटक्यांनंतर मशीन एकदा फुटफुटून बंद पडेल. तिथेच चोक काढायचा असतो आणि बहुतेक जण तिथेच चुकतात. चोक तसाच ठेवून ओढत राहिलं की सिलेंडरमध्ये पेट्रोल भरतं आणि प्लग ओला होतो. फुटफुटल्याबरोबर चोक काढा, पुन्हा ओढा, सुरू झालं की रेसचा खटका एकदा दाबून सोडा आणि मग ब्रेक काढा. ब्रेक लावलेला असताना रेस वाढवू नका, क्लच जळतो. मशीनवर डीकॉम्प्रेशनचं (सिलेंडरमधला दाब कमी करणारं) बटण असेल तर ओढण्याआधी ते दाबा, हाताला हिसका कमी बसतो. गरम मशीनला चोक लागत नाही.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. अशा उन्हात मशीन बांधावर ठेवून जेवायला गेलात तर टाकीतल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि परत आल्यावर ते उठत नाही. ते सावलीत ठेवा, थंड झाल्यावर टाकीचं झाकण हळूच सैल करून वाफ जाऊ द्या. तापलेल्या इंजिनावर पाणी कधीही ओतू नका. पेट्रोल भरायचं तेही इंजिन थंड झाल्यावर, आणि बिडी-काडी पेटलेल्या माणसापासून लांब.

चेन: खरा जोर इथे आहे

ग्राहक म्हणतात, मशीनचा जोर गेला. आम्ही आधी खाली पडलेला भुसा विचारतो. धारदार चेन लाकडाच्या ढलप्या पाडते, बोथट चेन पिठासारखा भुसा. मशीन स्वतःच्या वजनाने लाकडात उतरलं पाहिजे. तुम्हाला वरून दाबावं लागत असेल, धूर येत असेल, काप एका बाजूला वाकडा जात असेल, तर दोष इंजिनाचा नसून दातांचा आहे. बोथट चेनवर दाबून काम केलं की पट्टी तापते, क्लच घसरतो, पेट्रोल जास्त जळतं आणि शेवटी इंजिनही जातं.

धार घरी लावता येते. गोल कानस चेनच्या पिचनुसार, म्हणजे कड्यांमधल्या इंचातल्या अंतरानुसार घ्या: ०.३२५ पिचच्या चेनला ४.८ मिमी, घरगुती लहान मशीनच्या ३/८ लो-प्रोफाईल (बुटक्या दातांच्या) चेनला ४ मिमी. पट्टी शिकंजात धरा. सगळ्यांत आखूड दात शोधा आणि तिथून सुरुवात करा, कारण बाकीचे दात त्याच्या लांबीला आणायचे आहेत. कानस आतून बाहेर आणि फक्त पुढे ढकला, परत आणताना उचला. कोन साधारण ३० अंश, बऱ्याच चेनवर दाताच्या पाठीवर त्याची रेघच असते. प्रत्येक दाताला सारखेच हात मारा. उजवीकडचे दात जास्त घासले आणि डावीकडचे कमी, तर काप वाकडा जाणारच.

प्रत्येक दाताच्या पुढे एक छोटी खुंटी असते. दात किती खोल शिरणार हे ती ठरवते. धार लावून लावून दात खाली जातो, खुंटी तशीच राहते, आणि मग धार असूनही चेन लाकूड धरत नाही. तीन-चार वेळा धार लावली की सपाट कानशीने खुंटी दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली आणा. त्यासाठी मापपट्टी मिळते, ती वापरा. जास्त घासली तर मशीन हिसके देतं आणि ते धोक्याचं आहे.

आपल्याकडचं लाकूडही कठीण आहे. वाळलेली बाभूळ, सातपुड्याच्या पायथ्याचा अंजन यांच्यावर धार लवकर जाते. नदीकाठच्या झाडाच्या बुंध्याला रेती-चिखल लागलेला असतो, तो आधी खरवडून काढा. बांधावरच्या झाडात तारकुंपण किंवा खिळे रुतलेले नाहीत ना, ते बघा. केळीचे खांब मात्र चेनसॉने कापू नका. त्यांचे धागे चाकाभोवती गुंडाळतात, तिथे कोयताच बरा.

चेन पट्टीला खालून चिकटलेली असावी आणि तरीही हाताने सहज सरकावी. ताण द्यायचा असेल तर नट सैल करा, पट्टीचं टोक वर उचलून धरा, स्क्रू फिरवा, टोक तसंच धरून नट आवळा. काम संपल्यावर चेन थोडी सैल करून ठेवा, कारण थंड होताना ती आवळते. नवी चेन अजिबात कापत नसेल तर ती उलटी बसवली नाही ना बघा: वरच्या बाजूला दातांची धार पट्टीच्या टोकाकडे असली पाहिजे.

चेन ऑईलच्या टाकीत इंजिनाचं काळं जळकं ऑईल भरू नका. त्यातली कीट आणि धातूचा कण पंप खातो. तेल येतं की नाही हे बघायला पट्टीचं टोक फिकट खोडासमोर धरून रेस द्या, तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. दर वेळी धार लावताना पट्टी उलटी करून बसवा आणि तिची खाच व तेलाचं भोक साफ करा.

सुरूच होत नसेल तर

प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय: पुसा, प्लग बाहेर ठेवूनच दोरी काही वेळा ओढा, मग बसवा. कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही: वाकवलेल्या तारेने टाकीतला फिल्टर बाहेर काढून बघा. काळा काजळलेला असेल तर एअर फिल्टर तुंबलाय किंवा ऑईल जास्त पडलंय. प्लगची फट ०.५ मिमी. काळ्या मातीच्या धुळीत काम असेल तर एअर फिल्टर रोज झटका, साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा.

मशीन दहा-पंधरा मिनिटं चालून बंद पडतं आणि टाकीचं झाकण उघडलं की पुन्हा चालतं? मग टाकीला हवा देणारं छिद्र बुजलंय, कार्बोरेटरला हात लावायची गरज नाही.

अंगाची काळजी

पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन क्षणात तोंडाकडे उसळतं. टोकाने कापू नका, खांद्याच्या वर मशीन उचलू नका, शिडीवर चढून चालवू नका. गळ्यातला रुमाल काढून ठेवा, चप्पल घालून मशीनला हात लावू नका. बूट, चष्मा, कानाची टोपणं, हातमोजे लागतातच. आखाजीला नवा सालदार लागला की मशीन थेट त्याच्या हाती देऊ नका. चेन ब्रेक कसा लावायचा हे आधी शिकवा, पहिले दिवस शेजारी उभे राहा. त्याचे हातपाय ही तुमची जबाबदारी आहे. विजेच्या तारेजवळचं झाड असेल तर आधी महावितरणला कळवा. आणि साग किंवा इतर अनुसूचित (कायद्याच्या यादीतलं) झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी लागते, ती तोडण्याआधी घ्या.

दुकानात कधी आणावं

रेस सोडल्यावरही चेन फिरत राहिली आणि आयडलचा स्क्रू कमी करूनही थांबली नाही. इंजिन आपोआप जास्त रेस घेऊ लागलं, म्हणजे कुठून तरी हवा शिरतेय. दोरी हाताला अगदी हलकी लागू लागली. चेन ब्रेक धरत नाही. असं काही दिसलं तर मशीन चालवणं तिथेच थांबवा. दोरी तुटली तर दोरी बदलणं सोपं आहे, पण आतली स्प्रिंग सुटून तोंडावर येते, म्हणून तो भाग आमच्यावर सोडा. कार्बोरेटरवरचे पेट्रोल कमी-जास्त करणारे एच आणि एल स्क्रूही फिरवू नका. पेट्रोल कमी केलं की आवाज छान येतो आणि पिस्टन जळतो.

येताना पट्टी-चेन सोबत आणा. नुसती चेन हवी असेल तर पट्टीवर छापलेलं माप आणि चेनच्या खालच्या कड्यांची संख्या मोजून आणा. एसटीने येणार असाल तर टाकी घरीच रिकामी करा, पेट्रोलसह बसमध्ये चढू नका. मृगाआधी आमच्याकडे मोठी रांग असते, त्यामुळे सर्व्हिसिंग करायचं असेल तर चैत्रातच आणा, त्याच दिवशी करून देता येतं.