वैधानिक व्याख्या आणि त्यांचा न्यायालयीन अर्थ

एखाद्या कायद्यात वापरलेल्या शब्दाला त्याच कायद्यापुरता ठरवून दिलेला अर्थ म्हणजे वैधानिक व्याख्या. बहुतेक कायद्यांत ती कलम 2 मध्ये सापडते. गावात ज्याला झाड, जंगल किंवा ‘वावर घरीच वाहणे’ (शेत स्वतःच कसणे) म्हणतात, त्याच शब्दांचा आवाका कायद्यात कमी किंवा जास्त असू शकतो. तेवढ्या फरकावर जमिनीचा, चराईचा किंवा बांबूच्या बंडीचा निकाल फिरतो. विदर्भात अशी प्रकरणे ठळकपणे दिसतात, कारण हा प्रदेश 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता. त्यामुळे निस्तार (गावकऱ्यांचा सरपण, चराई अशा गरजांसाठीचा वापर), मालगुजारी (मालगुजारामार्फत सारा वसूल करण्याची जुनी पद्धत), झुडपी जंगल, वऱ्हाडातली ई-क्लास जमीन (गावची सरकारी गायरान जमीन) असे शब्द इथल्या दप्तरात आले, आणि कूळकायदाही 1958 साली विदर्भासाठी स्वतंत्र झाला.

‘याचा अर्थ’ आणि ‘यात समावेश होतो’

व्याख्या वाचताना न्यायालय आधी तिच्या क्रियापदाकडे पाहते. ‘याचा अर्थ अमुक असा आहे’ असे लिहिले असेल, तर व्याख्या बंदिस्त आहे; तिच्यात नसलेली गोष्ट बाहेरून आणता येत नाही. ‘यात अमुक गोष्टींचा समावेश होतो’ असे असेल, तर शब्दाचा नेहमीचा अर्थ कायम राहतो आणि सांगितलेल्या गोष्टी त्यात भर म्हणून येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधील ‘जमीन’ हा शब्द या दुसऱ्या प्रकारचा आहे. त्यात जमिनीपासून मिळणारे लाभ आणि जमिनीला जोडलेल्या वस्तू येतात, म्हणून धुऱ्यावरचे, म्हणजे शेताच्या बांधावरचे, सागाचे झाडही ‘जमिनी’च्या हिशेबात येऊ शकते. दोन्ही क्रियापदे एकत्र आली, तर व्याख्या सहसा बंदिस्तच मानली जाते. पी. कासिलिंगम प्रकरणात (1995) सर्वोच्च न्यायालयाने ही विभागणी स्पष्ट केली.

व्याख्येच्या कलमाची सुरुवात बहुधा ‘संदर्भानुसार दुसरा अर्थ अपेक्षित नसेल तर’ अशी असते. वाचणारा ही ओळ ओलांडून पुढे जातो, पण तिच्यात मोठी ताकद आहे. व्हॅनगार्ड फायर अँड जनरल इन्शुरन्सच्या प्रकरणात (1960) विमा कायद्यातील ‘विमाकर्ता’ची व्याख्या धंदा चालू असलेल्यालाच लागू होते, असा कंपनीचा दावा होता. न्यायालयाने त्या विशिष्ट कलमांच्या संदर्भात धंदा बंद केलेल्यालाही विमाकर्ता ठरवले. तरीही संदर्भाचा हा दरवाजा सहज उघडत नाही. व्याख्या लागू केल्याने कलमाचा हेतूच मारला जातो, हे दाखवावे लागते. ती गैरसोयीची आहे एवढे म्हणून भागत नाही.

निकालपत्रात व्याख्या देताना न्यायाधीश कलम, उपकलम आणि खंडाच्या क्रमांकासह तिचा मजकूर जसाच्या तसा उतरवतात. मग ज्या कलमाने हक्क किंवा बंधन येते ते कलम, आणि त्यानंतर त्या शब्दावरचे आधीचे निकाल येतात. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण व्याख्या स्वतः कोणालाही हक्क देत नाही. ती फक्त हक्क देणारे कलम कसे वाचायचे ते सांगते. एका कायद्यातली व्याख्या उचलून दुसऱ्या कायद्यात बसवणे धोक्याचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने एम.एस.सी.ओ. प्रकरणात (1985) बजावले. तहसीलच्या आवारात अर्ज लिहून घेताना नेमकी हीच चूक सर्वाधिक होते, असे या लेखकाचे निरीक्षण आहे.

व्याख्याच नसेल तेव्हा : अकोल्याचे विड्याचे पान

व्याख्या न दिलेल्या शब्दाचे काय करायचे, याचे देशभर उद्धृत होणारे उत्तर अकोल्याच्या एका विक्रीकर प्रकरणातून मिळाले. रामावतार बुधईप्रसाद विरुद्ध साहाय्यक विक्रीकर अधिकारी, अकोला (ए.आय.आर. 1961 एस.सी. 1325) या खटल्यातला प्रश्न साधा वाटतो : विड्याचे पान ही भाजी आहे का? मध्य प्रांत व वऱ्हाड विक्रीकर अधिनियम, 1947 नुसार भाजीवर कर नव्हता. पान वेलीवर येते, हिरवे असते आणि खाल्लेही जाते. वनस्पतिशास्त्राच्या अंगाने ते भाजीत बसवता आले असते.

सर्वोच्च न्यायालयाने शास्त्राचा अर्थ बाजूला ठेवला. रोजच्या बोलण्यातला शब्द रोजच्याच अर्थाने घ्यायचा, असे ठरवून न्यायालयाने म्हटले की मळ्यात किंवा शेतात पिकणारा आणि जेवणात वापरला जाणारा माल तेवढा भाजी. अकोटच्या किंवा अंजनगाव सुर्जीच्या बाजारात पानाची पिशवी घेऊन निघालेल्याला ‘भाजी आणली का’ असे कोणी विचारणार नाही, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगावे लागत नाही. न्यायालयाकडे दुसरे कारणही होते. करमाफीच्या यादीत सुरुवातीला ‘भाजी’ आणि ‘विड्याची पाने’ अशा दोन वेगळ्या नोंदी होत्या, आणि पुढे दुरुस्तीने पानांची नोंद काढून टाकण्यात आली. पान भाजीतच येत असते, तर वेगळी नोंद कशाला केली असती, आणि ती काढून काय साधले असते? शब्द काढला जाणे हाही अर्थाचा पुरावा असतो, हे या निकालातून शिकण्यासारखे आहे.

स्वतः जमीन कसणे

विदर्भ कूळकायद्यात ‘जातीने जमीन कसणे’ याची व्याख्या तीन वाटा देते : स्वतःच्या श्रमाने, कुटुंबातील माणसाच्या श्रमाने, किंवा स्वतःच्या देखरेखीखाली मजुरीवर ठेवलेल्या माणसांकडून. मजुरी रोखीत द्या किंवा धान्यात द्या, पण ती पिकाच्या हिश्श्याने देता कामा नये. इथे गावची बोली आणि कायदा यांची फारकत होते. गुढीपाडव्याला सालदार (वर्षाच्या कराराने ठेवलेला गडी) ठेवून वावर वाहणारा शेतकरी ‘वावर घरीच आहे’ म्हणतो आणि कायदाही त्याला मान देतो. पण तेच वावर अर्ध्या बटईने, म्हणजे पिकाच्या अर्ध्या वाट्यावर, दिले, तर मालक रोज धुऱ्यावर उभा राहून देखरेख करत असला तरी तो या व्याख्येतून बाहेर पडतो. मजुरीचा प्रकार बदलला की माणसाची कायद्यातली ओळखच बदलते.

विधवा, अज्ञान मूल, शारीरिक किंवा मानसिक अपंगत्व असलेली व्यक्ती आणि सैन्यात नोकरीवर असलेला माणूस यांच्यासाठी स्पष्टीकरणात वेगळी तजवीज आहे. त्यांची जमीन नोकर-मजुरांनी वाहिली, तरी त्यांनी ती स्वतः कसली असे ‘मानण्यात येते’. हे शब्द दिसले की समजावे, कायदा प्रत्यक्षात नसलेली गोष्ट विशिष्ट हेतूसाठी खरी धरतो आहे. न्यायालये ती त्या हेतूपुरतीच ताणतात, त्यापलीकडे नेत नाहीत.

बांबू : झाड की गवत

भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 2(7) मध्ये ‘झाड’ या शब्दात ताड, बांबू, खुंट, झुडपे आणि वेत यांचा समावेश होता. शास्त्राने बांबू गवत आहे, पण कायद्यात नव्वद वर्षे तो झाड होता. गडचिरोलीत बुरुडकाम करणाऱ्यांना आणि कुंपणाला दोन बांबू आणणाऱ्यांना या एका शब्दाचा फार जाच झाला. 2006 च्या वनहक्क कायद्याने उलट बाजूने व्याख्या केली. तिथे ‘गौण वनोपज’ म्हणजे लाकडाखेरीज वनस्पतीपासून मिळणारी सर्व वनोपज, आणि त्यात बांबू, तेंदूपत्ता, मध, लाख ही नावे घेऊन सांगितलेली आहेत. दोन कायदे, एकच बांबू आणि दोन ओळखी! वन खाते जुन्या व्याख्येवर अडून होते, ग्रामसभा नव्या व्याख्येवर. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतरही वाहतूक परवान्याचा प्रश्न उरला होता. एप्रिल 2011 मध्ये तो परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला, तेव्हा वनहक्क कायद्यातली व्याख्या कागदावरून जमिनीवर उतरली.

नोव्हेंबर 2017 च्या अध्यादेशाने आणि नंतरच्या कायद्याने कलम 2(7) मधून ‘बांबू’ शब्द वगळला. त्यावर अनेकांनी बांबू पूर्ण मोकळा झाला असे गृहीत धरले, ते बरोबर नाही. त्याच कायद्यातील ‘वनोपज’ या शब्दात, जंगलात सापडलेल्या किंवा जंगलातून आणलेल्या झाडाव्यतिरिक्तच्या वनस्पतीही येतात, आणि तिथे गवताचे नाव घेतलेले आहे. त्यामुळे स्वतःच्या वावरातला बांबू मोकळा झाला. जंगलातला बांबू झाड म्हणून सुटला तरी गवत म्हणून अडकलेलाच राहिला.

झुडपी जंगल

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांच्या महसुली नोंदींत ‘झुडपी जंगल’ हा शेरा आढळतो. मूळ अर्थ साधा आहे : झुडपे उगवलेली, पिकाला न चालणारी, गुरे चारायला आणि निस्ताराला ठेवलेली जमीन. पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर शाळा उभ्या राहिल्या, स्मशानभूमी झाल्या, घरे झाली.

वन (संरक्षण) अधिनियम, 1980 मध्ये ‘वन’ या शब्दाची व्याख्याच नव्हती. 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वन हा शब्द कोशातल्या अर्थाने घ्यायचा, आणि ‘वनजमीन’ या शब्दात सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेली कोणतीही जमीन येईल, मालकी कोणाचीही असो. या दुसऱ्या भागाने विदर्भाची कोंडी केली. जागेवर साग नसो की पळस नसो, नोंदीत ‘जंगल’ हा शब्द होता. तलाठ्याच्या दप्तरातला एक वर्णनाचा शेरा केंद्र सरकारच्या परवानगीचा विषय बनला. 2023 च्या दुरुस्तीने कायदा कोणत्या जमिनींना लागू हे नव्याने ठरवायचा प्रयत्न झाला. त्यावरील आव्हानात 19 फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम आदेशाने 1996 चा अर्थ तूर्त चालू ठेवला.

राज्य शासनाने 86,409 हेक्टर झुडपी जमीन वनव्यवस्थापनास अयोग्य असल्याची भूमिका घेतली होती. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल ही वनजमीनच मानावी असा निकाल दिला, मात्र गावांच्या जुन्या वापराला वाट ठेवली. 12 डिसेंबर 1996 पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनी वनक्षेत्राच्या यादीतून वगळण्यासाठी राज्याने केंद्राची मंजुरी मागायची आहे. म्हणजे आज एखाद्या गावात घर कायदेशीर की अतिक्रमण, हा वाद झाडे आहेत की नाहीत यावर ठरत नाही. घराखालच्या गटाच्या नोंदीत कोणता शब्द आहे आणि वाटपाच्या आदेशावर कोणती तारीख आहे, यावर तो ठरतो. तीन हेक्टरांहून लहान आणि कोणत्याही वनक्षेत्राला न लागलेले तुकडे भारतीय वन अधिनियमाच्या कलम 29 खाली संरक्षित वन घोषित करण्याचे निर्देशही त्याच निकालात आहेत.